आमच्या आप्पांचं मौन

आमचा म्हातारा बहिरा आहे, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगितलं. पुण्याच्या बायकांना सांगितलं, ठाण्याच्या जोडप्याला सांगितलं, गळ्यात कॅमेरा अडकवून आलेल्या दाढीवाल्याला तर हाताला धरून सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. उलट माझ्याकडे असे बघायचे, जशी काय मीच आजारी. एकीने तर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "तुळसाताई, तुमच्या मनात एवढा राग कशाचा साठलाय?" मी म्हटलं, राग नाही हो, भात लागतोय खाली, सोडा मला.

(मी चौथी शिकलेली आहे. जे आहे ते आहे, एवढं बोलायला चौथी पुरते. पुढचं शिक्षण ते न बोलण्यासाठी लागतं.)

म्हातारा म्हणजे माझे सासरे, आप्पा. ऐंशी ओलांडली. कान गेले त्याला किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवत नाही. रत्नागिरीला नेऊन मशीन बसवलं होतं, पण त्यातून कावळाच फार ऐकू येतो म्हणून त्यांनी ते काढून कोनाड्यात ठेवलं. तेव्हापासून पडवीत खुर्ची टाकून बसतात. कोणी काही बोललं की हसतात. हसलं की समोरचा गप्प होऊन निघून जातो, हे त्यांनी अनुभवाने शिकून घेतलंय.

आता हा बहिरा म्हातारा मौनीबाबा कसा झाला, ते सांगते. त्याची सुरुवात माझ्या एका 'हो'पासून झाली.

माझी सून ऋजुता दापोलीच्या एका मास्तरांची मुलगी. पुण्यात मोठ्या कंपनीत होती. काम काय, तर तिथल्या लोकांनी एकमेकांशी कसं बोलावं ते शिकवायचं. त्याचा पगार मिळायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मुलाला, गुरुप्रसादला, विचारलं की अरे एवढी घोडी झालेली माणसं, त्यांना आयांनी काहीच शिकवलं नाही? तो म्हणाला, आई, तू त्यात पडू नको.

तर ही दोघं गेल्या गणपतीनंतर नोकऱ्या सोडून गावी आली. मालगुंडपासून आत आमचं घर, मागे कलमांची बाग. घराच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, पाटी लावली, होमस्टे सुरू केला. गुरू म्हणाला, मे महिन्यापर्यंत बघू, नाही चाललं तर परत पुणं. मी वरून म्हटलं, बघा तुमचं तुम्ही. पण आतून मला ती जायला नको होती. आमचे हे, गंगाराम, मुंबईला एका गोडाऊनवर आहेत. गणपतीला आणि शिमग्याला येतात. मागे राहतो आम्ही दोघं, मी आणि आप्पा. बहिऱ्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहून बघा. भांडण काढलं तर ते आपलं आपल्यालाच मिटवावं लागतं. ही पोरं आली आणि घरात मला उलट उत्तर देणारं कोणीतरी आलं. ते सुख मला सोडायचं नव्हतं.

म्हणून एक दिवस ऋजुता जवळ बसून म्हणाली, "आई, पाहुण्यांसमोर कोणाच्या व्यंगावरून बोलायचं नाही, एवढं पाळूया का? माणूस आधी, त्याची उणीव नंतर," तेव्हा मी 'हो' म्हटलं. तिथेच फसले.

आमच्या वाडीत तीन दादू. एक लंगडा दादू, एक काळा दादू, एक राजापूरवाला दादू. आता लंगड्याला लंगडा म्हणायचं नाही, तर लग्नाची पत्रिका कोणाच्या दारात टाकायची? तो स्वतः फोनवर म्हणतो, लंगडा दादू बोलतोय. ऋजुताने त्याची पाहुण्यांना ओळख करून दिली, हे दादूकाका, यांच्या चालण्याची लय वेगळी आहे. दादू सरळ माझ्या स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, वहिनी, तुझी सून मला नमनाच्या खेळातला नाच्या समजते काय?

आमची गाय मारकी आहे. ऋजुताने पाहुण्यांना सांगितलं, हिला तिची स्वतःची जागा लागते. एका गृहस्थांना वाटलं, जागा म्हणजे गोठा; गोठा तर चांगला ऐसपैस आहे. गेले तिच्यासोबत फोटो काढायला. बाहेर आले ते चपला आत टाकून. आणि गंमत बघा, घरी जाऊन त्यांनी आमच्याबद्दल पाच चांदण्या देऊन लिहिलं, की इथल्या गायीने मला समोरच्याचा आदर करायला शिकवलं. मी तोंडात पदर धरून गप्प. धंदा चालत होता.

आणि खोटं कशाला बोलू, ऋजुताच्या जिभेचं मला कौतुकही वाटायचं. एकदा एका बाईने तिला विचारलं, सासूबाई शिकलेल्या आहेत का? मी आत कान टवकारून. तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, चौथी, ती पण रडत. ऋजुता म्हणाली, "आईंना विचारल्याशिवाय या घरात नारळसुद्धा फुटत नाही." त्या दिवशी तिच्या ताटात मी बांगड्याचा मधला तुकडा वाढला. शिवाय आप्पांना खरं कोण समजावायचं तर हीच. मी स्वयंपाकघरातून ओरडायची; ही त्यांच्या समोर जाऊन बसायची, तोंडाकडे बघायला लावायची आणि एकेक शब्द सावकाश सांगायची. म्हाताऱ्याला अर्धंअधिक कळायचं. इतक्या वर्षांत ते मला सुचलं नव्हतं.

तर थंडीच्या अखेरीला पुण्याहून हेमाताई नावाच्या बाई आल्या. एकट्या. मोठ्या पगाराच्या, पण चेहरा उतरलेला. त्यांनी ऋजुताला विचारलं, आजोबा कोणाशीच बोलत नाहीत का? आता इथे 'बहिरे आहेत' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणूस आधी, उणीव नंतर. ऋजुता म्हणाली, "आप्पा शांततेत राहणं पसंत करतात."

हेमाताई लगेच पडवीत आप्पांच्या पायाशी जाऊन बसल्या. मी दाराआडून बघत होते. त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं की आप्पाजी, मी नोकरी सोडू का? आप्पांनी कनवटीची डबी काढली. तंबाखू हातावर घेतली, चुना लावला, अंगठ्याने मळ मळ मळली. दुसऱ्या हाताने तीनदा थापटली. भुकटी उडाली ती हेमाताईंच्या तोंडावर. उरलेली चिमूट आप्पांनी दाढेखाली धरली आणि हसले.

हेमाताई रडायलाच लागल्या. मला वाटलं, तंबाखू डोळ्यांत गेली. पाणी घेऊन धावले. त्या म्हणाल्या, समजलं मला. घासत राहायचं, जे हलकं ते उडून जातं, उरतं ते आपलं.

मी म्हटलं, "अहो बाई, बहिरे आहेत ते. तंबाखू मळत होते."

त्यांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं.

पुण्याला जाऊन त्यांनी आप्पांचा फोटो फोनवर टाकला. खाली लिहिलं, कोकणातल्या एका पडवीत मला माझं उत्तर मिळालं. झालं. फोनवर फोन. शनिवार-रविवार भरले, मग मधले वारही भरले. जो तो आप्पांच्या समोर येऊन बसणार, काहीतरी विचारणार, आप्पा हसणार, नाहीतर माशी हाकलणार, आणि माणूस डोळे पुसत उठणार. ऋजुता घाबरली. मनाने सरळ पोर आहे, फसवणं तिला जमत नाही. तिने हेमाताईंना फोन लावून सांगितलं की तुमचा गैरसमज होतोय, आप्पांची श्रवणक्षमता वेगळी आहे. पलीकडून हेमाताई म्हणाल्या, "तेच तर! ते आपल्यासारखं ऐकतच नाहीत."

मी ऋजुताला म्हटलं, बहिरा म्हण. एक शब्द आहे. बहिरा. ती म्हणाली, "आई, तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही हो."

मग हेमाताईंनी शिबिर आणलं. मौन शिबिर. एक गट गेला की दुसरा यायचा, मार्चभर. माणसं पांढरे कपडे घालायची, तोंडातून अक्षर काढायची नाहीत, दिवसभर पडवीत आप्पांच्या समोर बसायची. काही लागलं तर हातवारे. आणि फोन करून हेमाताईंनी एकच विनंती केली होती, की आप्पाजींच्या घरात सात्त्विक जेवण असावं. ऋजुताने मला विचारलं, आई, थोडे दिवस? मे महिन्यापर्यंतचं बुकिंग डोळ्यांसमोर आलं. पुण्याची गाडी डोळ्यांसमोर आली. मी परत एकदा 'हो' म्हटलं.

ज्या म्हाताऱ्याने जन्मात माशाशिवाय भात गिळला नाही, त्याच्या ताटात दुधी आला. पहिल्या दिवशी त्यांनी भाजी बोटाने बाजूला करून खाली काही आहे का ते बघितलं. दुसऱ्या दिवशी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आठवड्याने नुसतं माझ्याकडेच बघायला लागले. मी हातवारे करून सांगायला गेले की हे माझं काम नाही, शिबिर आहे. पण शिबिराला खुणेत काय म्हणतात? मी पांढऱ्या माणसांकडे बोट केलं, तोंडावर बोट ठेवलं, माशासारखा हात हलवून नाही नाही केलं. आप्पांनी मान हलवली. त्यातून त्यांनी काय घेतलं ते मला पुढे कळायचं होतं.

आणि त्यातच राखण आली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आंबा उतरवायच्या आधी बागेतल्या राखणदाराला कोंबडा आणि नारळ द्यावा लागतो. घरातल्या मोठ्या माणसाने तिथे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे घरचं काय बरं, काय वाईट, ते देवाला मोठ्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. राखण दिल्याशिवाय आमचा आंबे उतरवणारा भागोजी झाडावर पाय ठेवत नाही. त्याचे आजोबाही ठेवत नव्हते. आणि आंबा तर तयार होऊन बसलेला. आणखी थांबलो असतो तर खाली पडून माकडांचं शिबिर झालं असतं.

ऋजुताने युक्ती काढली. दुपारी सगळ्यांना गुरुप्रसादबरोबर गाडीतून गणपतीपुळ्याला पाठवायचं, तेवढ्यात राखण उरकायची. हेमाताई त्या गटात स्वतः आल्या होत्या. ऋजुताने समुद्राचं फार सुंदर वर्णन केलं. हेमाताईंनी मौनात मान हलवली, नाही म्हणून, आणि आप्पांकडे बोट दाखवलं. जिथे आप्पाजी तिथे आम्ही.

ठरल्या वेळेला आप्पा उठले. खुराड्याजवळ गेले, लाल कोंबडा काखेत घेतला आणि बागेकडे चालू लागले. त्यांच्या मागोमाग सगळं शिबिर उठलं. पुढे आप्पा, काखेत कोंबडा, मागे पांढऱ्या कपड्यांची रांग, जांभ्याच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून एकेक पाऊल सावकाश टाकत. काहींनी हात जोडलेले. एकीला तर आप्पाजींनी मुक्या जिवाला पोटाशी धरलेलं बघून भरून आलं. लंगडा दादू त्याच्या अंगणातून हे बघत होता. त्याने टोपी काढली. त्याला वाटलं, आमच्याकडे कोणीतरी गेलं.

ऋजुता हेमाताईंच्या बाजूने धावतपळत सांगत होती, "ताई, आज आमच्याकडे एक पारंपरिक कार्यक्रम आहे. त्यात... त्यात पक्ष्याचा सहभाग असतो." हेमाताईंनी प्रेमाने कोंबड्याकडे बघितलं.

राखणदाराच्या दगडापाशी भागोजी नारळ आणि कोयता घेऊन उभा होता. कोयता बघितला आणि हेमाताईंचं मौन सुटलं. म्हणाल्या, हे तुम्ही आप्पाजींकडून जबरदस्तीने करून घेताय. ते मुंगीला मारणार नाहीत. तुम्ही घरच्यांनी त्यांना ओळखलंच नाही. मी त्यांना आत्ताच्या आत्ता पुण्याला घेऊन जाते. असं म्हणून त्यांनी आप्पांचा दंड धरला. आप्पा हसले.

मी पदर खोचला. पण माझ्या आधी ऋजुता पुढे झाली. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला.

"हात सोडा त्यांचा," ती म्हणाली. "ते बहिरे आहेत. ठार बहिरे. तुमचा प्रश्न त्यांना ऐकूच आला नव्हता, ते तंबाखू मळत होते. ते साधू नाहीत, शेतकरी आहेत, आणि तुमच्यामुळे महिनाभर माशाविना उपाशी आहेत. आज हा कोंबडा कापणार, रात्री त्याचा रस्सा होणार. ज्याला बघवत नाही त्याने मागे फिरावं."

काय सांगू तुम्हाला. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. आवाज चढला नाही, हात उगारला नाही. माझ्या माहेरी भांडणात नाव काढलेल्या बायका आहेत, माझी आई तर नळावर उभी राहिली की नळ गप्प व्हायचा. पण असं स्वच्छ बोलणं मी त्यांच्याकडूनही ऐकलं नव्हतं. वाटलं, जवळ घेऊन तिची दृष्ट काढावी. आणि त्याच वेळी मे महिन्यापर्यंतचं बुकिंग आठवलं. सगळं बोलली ते खरं होतं, आणि खरं ऐकून कोण परत येतो? पांढरी माणसं एकमेकांकडे बघत होती. झालं, म्हटलं. गेला होमस्टे. गेली पोरं.

हेमाताईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच बहिरे आहेत?"

"मग मी काय सांगत होते इतके दिवस?"

"तुम्ही रागात सांगत होतात," त्या म्हणाल्या.

मी काही बोलणार, तेवढ्यात आप्पांनी तोंड उघडलं. या सगळ्या गडबडीचा त्यांना पत्ताच नव्हता. बहिऱ्या माणसाचा आवाज कसा असतो ते ऐकलंय कधी? स्वतःला ऐकू येत नाही, मग दुसऱ्याला तरी कसं जाणार, म्हणून तो सगळा दम लावतो. पहिल्याच हाकेला आंब्यावरचे कावळे उडाले. मौनीबाबा बोलला, आणि बंदराला ऐकू जाईल एवढ्याने बोलला.

"रे राखणदारा महाराजा, सगळी तुझ्या पायाशी उभी हायत! झाडावर चढणाऱ्याचा पाय सांभाळ, त्याच्या खालची फांदी सांभाळ!"

"होय महाराजा," भागोजी म्हणाला.

"नातू परत आलाय. नातसून गुणाची हाय. समोर बसून सावकाश बोलते, माझ्यासारख्या बहिऱ्याला पण कळतं. तिचा धंदा चालू दे. तिला हितनं जाऊ देऊ नको!"

"होय महाराजा," मी म्हटलं. ऋजुताने चष्मा परत काढला.

"आणि ही पाहुणेमंडळी. चांगल्या घरची दिसतात, पण एकजात मुकी हायत. महिनाभर बघतोय. येतात ती मुकी, जातात ती मुकी. हात हलवतात, रडतात, शब्द म्हणून फुटत नाय. त्यांच्या आईबापांनी काय करायचं? बिचाऱ्यांना वाचा दे रे महाराजा!"

त्या दाढीवाल्याच्या नाकातून आवाज आला. मग ठाण्याची बाई खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. हेमाताई हसत होत्या की रडत होत्या ते सांगता येत नाही, पण पहिलं 'होय महाराजा' म्हटलं ते त्यांनीच. मागून सगळ्यांनी ओरडून म्हटलं. तोंडावर मुके म्हणाला म्हातारा सगळ्यांना, आणि एकालाही वाईट वाटलं नाही. त्यांच्यासाठी देवाकडे काहीतरी मागत होता ना तो.

मागे कोणी फिरलं नाही. दोघांनी तोंड फिरवलं, एवढंच. रात्री रस्सा कमी पडला. हेमाताईंनी वडे मोडून वाटी पुसून काढली आणि विचारलं, की रश्श्याच्या वाटणात काय काय असतं? मे महिना आला आणि गेला, पोरं इथेच आहेत. आता लोक आप्पांचं गाऱ्हाणं ऐकायला येतात. ऋजुतानेही नियम थोडा सैल केलाय. 'बहिरा' चालतो. 'लंगडा'वर ती अजून विचार करते आहे. गायीजवळ मात्र तिने स्वतःच्या हाताने पाटी लावली आहे: मारते.

पण गाऱ्हाण्याचा शेवट सांगायचा राहिला. मी तो सांगणार नव्हते, पण भागोजीने सगळ्या वाडीला सांगितलाच आहे.

शेवटी घरात जी पीडा असेल ती नाव घेऊन सांगायची असते. नाव घेतलं नाही तर कोणाला धरायचं ते राखणदाराला कळत नाही (त्याच्याकडेही दादू तीनच आहेत). तर हसणं ओसरलं, आप्पांनी कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला आणि आवाज आणखी वर नेला.

"आणि महाराजा, म्हातारपणी माझी मासळी तोडून मला दुधीवर ठेवणारी जी कोण घरात हाय, वर आणि माशासारखा हात हलवून मला चिडवते, तिला जरा बुद्धी दे!"

"होय महाराजा!" नुकती वाचा फुटलेली सगळी माणसं एका सुरात म्हणाली.

मी ऋजुताकडे बघितलं. म्हटलं, आता तरी ही पुढे होईल, समोर जाऊन सावकाश खरं काय ते सांगेल. तिने खाली बघितलं. मला नंतर म्हणाली, आई, गाऱ्हाणं मध्येच तोडू नये म्हणतात ना. पण तेव्हा सगळ्यांत मोठ्याने 'होय महाराजा' म्हणाली ती तीच.

मी ओरडून सांगितलं, की अहो, माझा काही संबंध नाही. कोणी विश्वास ठेवला नाही. ज्यांच्यासाठी सांगत होते त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि ज्यांना ऐकू येत होतं त्यांना वाटलं, ताई रागात बोलतायत. आप्पांनी घसा खाकरला. राखणदाराची चूक होऊ नये म्हणून आधी माझं माहेर सांगितलं, मग सासर सांगितलं, कोणाची बायको ते सांगितलं, आणि मग सगळ्या बागेला ऐकू जाईल असं नाव घेतलं: तुळसा.